नाकसाहेबांचा दावा

मला फसवणं सोपं नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, एक नोंद म्हणून सांगते. साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला रोज कोणी ना कोणी फसवायला बघतच असतं. तेलवाला मागच्या मोसमाचं तेल ताजं म्हणून खपवतो, सोड्याच्या पोत्यात निम्मा ओलावाच असतो, आणि घरी सासूबाई चहातली साखर सोडली म्हणून सांगतात. मी कोणाशी वाद घालत नाही. मी मोजते. मोजून झालं की समोरचा आपोआप गप्प बसतो. सासूबाई सोडून.

त्यामुळे नाकसाहेबांचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. एवढा उशीर का केला, इतकंच वाटलं.

नाकसाहेब म्हणजे आमच्या कारखान्याचं नाक. साबणाचा प्रत्येक घाणा बाहेर पडायच्या आधी त्यांच्या नाकाखालून जायचा. त्यांनी डोळे मिटून मान हलवली की माल पुढे, नाही हलवली की माल परत. त्यांच्या जागी एकदा परदेशी यंत्र आणून पाहिलं. यंत्राला गुलाब आणि गुलाबासारखं काहीतरी यातला फरक कळेना. शेवटी यंत्र खोक्यात गेलं आणि नाकसाहेब खुर्चीवर राहिले.

मग एके दिवशी सुगंधाच्या कोठीशेजारी ब्लीचच्या टाकीचं झाकण उडालं आणि सगळी वाफ त्यांच्या तोंडावर आली. दवाखान्यात डोळे बरे झाले, घसा बरा झाला. नाकसाहेब कामावर परत आले, पहिली वडी नाकाशी धरली आणि म्हणाले, "ही नुसती बशी आहे की साबण?"

त्यांना कशाचाच वास येत नव्हता. निदान ते तसं म्हणत होते.

"बोट गेलं असतं तर सोपं होतं हो," एचआरचे साहेब मला म्हणाले. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं आणि वर पडदाही ओढला होता. "बोटाचा दर ठरलेला आहे. डोळ्याचा आहे. अंगठ्याचा तर फारच चांगला आहे. पण नाक तर जागेवर दिसतंय."

"आतून काम करत नसेल."

"असं ते म्हणतात. डॉक्टरांनी काय लिहिलंय? 'रुग्णाच्या सांगण्यानुसार वास येत नाही.' रुग्णाच्या सांगण्यानुसार! उद्या मी सांगेन, माझ्या सांगण्यानुसार मला काम दिसत नाही."

पेच असा होता. कामावर असताना इजा झाली हे सिद्ध झालं, तर नाकसाहेबांना निवृत्तीपर्यंत दरमहा भरपाई आणि बसून करायचं दुसरं काम मिळणार होतं. सिद्ध झालं नाही, तर घरी. कारण वास येत नाही म्हणून ते हुंगायच्या कामाला नालायक, आणि वास येत नाही हे सिद्ध होत नाही म्हणून भरपाईलाही नालायक. निकाल लागेपर्यंत त्यांना तळघरात जुनी वेष्टनं लावायला बसवलं होतं. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं. पण फसवणाऱ्यांच्याही बायका आजारी पडतात, हेही मला माहीत होतं.

"तुम्ही शास्त्राच्या आहात," साहेब म्हणाले. "विम्याचा माणूस शेवटच्या चौकशीला यायच्या आत छडा लावा. गुपचूप."

घरी जेवताना मी नाव न घेता सासूबाईंना विचारलं, की एखाद्याला वास येतो की नाही हे कसं ओळखावं.

"कारखान्याकडे पैसे मागतोय का तो?"

"हो."

"मग येतो."

"आई, तुम्ही त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

"पाहायचंय काय त्यात? वाढ मला भात."

मी त्यांच्याइतकी घाई करणार नव्हते. मी आधी निरीक्षण केलं, आणि निरीक्षण नाकसाहेबांच्या विरुद्ध जात होतं. ते चहा पिण्याआधी हुंगायचे. वेष्टनांचा गठ्ठा सोडला की हुंगायचे. सुट्टीच्या दिवशी मी बाजारात त्यांच्या मागे मागे गेले, तर एका गाडीवर त्यांनी खरबूज उचललं, देठाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि परत ठेवलं. ज्याला वास येत नाही तो खरबूज परत का ठेवेल? मी गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, भाव ऐकून ठेवलं. पण हा गाडीवाला त्यांच्या ओळखीचा असू शकतो, अशी मी मनात नोंद केली.

मग मी पहिली परीक्षा घेतली. अमोनियाची बाटली घेऊन तळघरात गेले आणि "जरा धरता का" म्हणत टोपण काढून त्यांच्या हातात दिली. नाकसाहेब असे दचकले की वेष्टनांचा आख्खा गठ्ठा खाली पडला.

साहेबांना आनंद झाला. "दचकले ना? सापडले."

"नाही साहेब. अमोनिया नाकाला झोंबतो. झोंबणं आणि वास येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वास गेलेला माणूसही दचकतोच. ते दचकले नसते तर खोटे ठरले असते."

साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे दचकले तर खरे आणि दचकले नाहीत तर खोटे?"

"हो."

"मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

त्या दिवसापासून साहेब माझ्यावरही नजर ठेवू लागले. मी प्रयोगशाळेतून निघाले की जिन्याच्या वळणावर त्यांचे बूट दिसत. मी नाकसाहेबांवर संशय घेते आहे आणि साहेब माझ्यावर, हे कळल्यावर काम नीट करणं भागच होतं. मला असा वास हवा होता, जो झोंबत नाही, पण आला तर माणसाला लपवता येत नाही.

तो आमच्याकडे होता. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती झाली तर कळावी म्हणून त्यात एक अतिशय घाण वास मुद्दाम मिसळतात. आमचा बॉयलर गॅसवर चालतो, त्यामुळे गळती शोधायचं यंत्र तपासायला त्या वासाची एक चिमुकली कुपी माझ्या कपाटात असते. कुजलेली कोबी, सडकं अंडं आणि कोणाचा तरी जुना राग एकत्र वाटावा, तसा तो वास. त्याचा थेंबही फार होतो. मी थेंबभर घेऊन तो भरपूर पातळ केला. शास्त्र म्हणजे शेवटी प्रमाण.

विम्याचा माणूस त्याच दिवशी येणार होता. सकाळी नाकसाहेब यायच्या आधी मी तळघरात गेले, टिपकागदावर थोडं द्रावण टाकून कागद त्यांच्या खुर्चीच्या उशीखाली सरकवला, पंखा चालू केला आणि जुन्या रंगाचं वेष्टन शोधायच्या निमित्ताने समोरच्या मांडणीआड बसले. हा पंखा तळघरातली हवा बाहेर फेकतो असं मला सांगितलेलं होतं. बाहेर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कचेऱ्यांत, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी मोजलंही नव्हतं.

नाकसाहेब आले. उशीवर बसले. गठ्ठा सोडला. स्वतःशी काहीतरी गुणगुणू लागले.

मी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत राहिले. त्या जराही हलल्या नाहीत.

"बाई, तुम्ही काय शोधताय?"

"जुना हिरवा रंग."

"हिरवा या बाजूला आहे."

"आधी तुमच्या बाजूचा बघते. काही वेगळं जाणवतंय का हो तुम्हाला इथे?"

"काय?"

"असंच. हवा कोंदट वगैरे."

"तळघर आहे बाई. कोंदटच असणार."

ते गठ्ठा ठेवायला आत गेले तशी मी पटकन खुर्चीशी वाकले आणि कागद हुंगला. काही नाही. परत हुंगला. अगदी छाती भरून हुंगला. काहीच नाही. म्हणजे द्रावण उडून गेलं होतं. मी आणखी थोडं टाकलं, हुंगलं, जेमतेम काहीतरी असल्यासारखं वाटलं, ते परत आले तेव्हा मी मांडणीआड होते. पुढच्या गठ्ठ्याच्या वेळी पुन्हा हुंगलं. पुन्हा काही नाही. आता मला तेलवाल्याइतकाच त्या कुपीवाल्याचाही राग आला. जुना माल दिला होता मेल्याने. मग मी पातळ केलेलं राहू दिलं आणि सरळ कुपीच उघडली. घाईत थोडं माझ्या बाहीवर सांडलं. बाही हुंगून पाहिली. बाहीला साबणाचाही वास नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मला पहिल्यापासून माहीत होती. एकच वास सतत घेतला की नाक थकतं आणि तो वास कळेनासा होतो. या वासाच्या बाबतीत तर ते फार लवकर होतं. हे मी दरवर्षी नव्या कामगारांना खडूने फळ्यावर लिहून समजावते. पण फळ्यावरचं नाक दुसऱ्याचं असतं.

तळघरात सगळं शांत होतं. इतकं शांत की मला बोलावंसं वाटलं.

"नाकसाहेब, एक विचारू? वास येत नाही म्हणता, मग चहा हुंगता कशाला?"

ते जरा हसले. हातातली सुतळी तशीच राहिली. "उभं आयुष्य तेच केलं ना बाई. शेजारी घर बंद करून गेला तरी जाता येता आपण त्याची कडी वाजवून बघतो. आला असेल परत, म्हणून." मग सुतळीला गाठ मारत म्हणाले, "आमच्या हिला उठता येत नाही. मी घरी गेलो की विचारते, बाहेर काय फुललंय. पूर्वी मी नुसत्या वासावरून सांगायचो. आता थापा मारतो. तिला कळतं की नाही, काय माहीत."

वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्यांचा मला नेहमी संशय येतो. ते वळल्यावर मी कुपीतला उरलेला थेंबही उशीखालच्या कागदावर टाकला.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आधी हिशेबनीस बाईंना मळमळलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये विम्याच्या माणसाने नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "तुमच्याकडे नेहमी असं असतं?" मग कोणीतरी "गॅस" म्हणालं आणि सगळी इमारत जिन्यावर आली. आता तुम्ही म्हणाल, भोंगा नाही का वाजला? नाही. गॅसचा वास आला की विजेचं एकही बटण दाबायचं नाही, ठिणगी उडते. भोंग्याचंसुद्धा नाही. निरोप तोंडी पोचवायचा. हा नियम कारखान्याच्या सुरक्षा समितीने केला आहे, आणि समितीत तो मी सुचवला होता. तळघराचा तोंडी निरोप पहारेकऱ्याकडे होता. तो अर्ध्या जिन्यापर्यंत आला आणि वासाने तसाच मागे फिरला. फाटकाशी सगळ्यांची मोजणी झाली तेव्हा दोन माणसं कमी होती. ती दोन माणसं तळघरात शांतपणे बसली होती, एक वेष्टनं बांधत आणि दुसरी मांडणीतल्या फटीतून बघत.

नाकसाहेबांनी थर्मासमधला चहा ओतला, हुंगला आणि एक कप मांडणीच्या फटीतून माझ्यापुढे धरला. "घ्या. किती वेळ ताटकळणार?"

मी कप घेतला तोच दार धाडकन उघडलं. तोंडावर मुखवटे, पाठीवर हवेच्या टाक्या, असे अग्निशमन दलाचे लोक आत घुसले. माझ्या मनात पहिला विचार आला, की नेमकी आजच खरोखरीची गळती झाली. केवढा योगायोग.

"कुठे झाली गळती?" मी विचारलं.

त्यांच्या प्रमुखाने हातातलं यंत्र डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, माझ्यासमोर धरलं आणि माझ्याकडेच बोट दाखवलं.

आवारात आम्हाला आणलं तेव्हा गर्दी मागे सरकली. नाकसाहेबांपासून थोडी, माझ्यापासून बरीच. साहेब हात नाचवत विम्याच्या माणसाला सांगत होते, "बघा, हा पुरावाच झाला. आम्ही वर टिकू शकलो नाही आणि हे खाली चहा पीत होते. यांना वास येत नाही." साहेबांनी बाजू कधी बदलली हे माझ्या लक्षात आलं नाही. जिन्यात धावताना बदलली असावी. वासाने माणूस बदलतो.

नाकसाहेबांच्या चेहऱ्यावर दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी उजळलं.

विम्याच्या माणसाने रुमालाआडून माझ्याकडे पाहिलं. "आणि या बाई कोण?"

"आमच्या प्रयोगशाळेच्या."

"यांचं नाक चांगलं आहे?"

"उत्तम."

"याही खाली चहा पीत होत्या?"

साहेब स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

"मग आत बसून राहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "चांगल्या नाकाचं माणूसही बसतं, हे दिसलंच."

ते जे उजळलं होतं ते मला विझताना दिसलं. नाकसाहेब थर्मासचं झाकण घट्ट लावत राहिले. लागलेलं असूनही लावत राहिले.

आता मला बोलावंच लागलं. मी सगळं सांगितलं. कुपी, उशी, बाही, आणि थकलेलं नाक. शास्त्रीय भाषेत सांगितलं, पण आवारात उभं राहून शास्त्रीय भाषेतही ते बरं ऐकू येत नव्हतं. हिशेबनीस बाईंनी "हिने केलं?" असं शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं.

विम्याच्या माणसाचे डोळे बारीक झाले. "म्हणजे यांचा दावा चालू असताना, मी यायच्या दिवशीच, यांच्याच खुर्चीखाली तुम्ही वास ठेवलात. आणि तो तुम्हाला येत नाही असं तुमचंच म्हणणं. तुमचं नातं काय यांच्याशी?"

"काही नाही. माझा तर यांच्यावर संशय होता."

"चहा पीत होतात."

"तो त्यांनी दिला म्हणून."

"मला पहिल्यापासूनच वाटत होतं," साहेब पुटपुटले. त्यांनी पुन्हा बाजू बदलली होती.

मी समजावू लागले, की नाक कायमचं थकत नाही, मोकळ्या हवेत थोडा वेळ गेला की ते परत... आणि इथे वाक्य थांबलं. कारण ते परत आलं.

माझ्या बाहीतून काहीतरी उठलं आणि म्हशीने शिंग मारावं तसं माझ्या नाकावर आदळलं. आधी कळलंच नाही की हे मीच आहे. मी मागे सरकले, तेही मागे आलं. डोळ्यांतून पाणी, डोक्यात गरगर, आणि पुढच्या क्षणी मी कारखान्याच्या शोभेच्या कुंड्यांवर वाकलेली. सकाळपासून जे काही खाल्लं होतं, ते सगळं मी त्या फुलझाडांना दिलं.

कोणी पुढे आलं नाही. एक बाई ओढणी नाकाला लावून दोन पावलं आली आणि परत गेली. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने मुखवटा काढला होता, तो घाईघाईने परत चढवला.

मग माझ्या खांद्यावर हात आला. नाकसाहेब. एका हाताने त्यांनी मला धरलं, दुसऱ्याने थर्मासच्या झाकणात उरलेला चहा दिला, आणि माझी ती बाही स्वतःच्या गालाशी येईल इतकं जवळ वाकून, माझी पाठ थोपटत म्हणाले, "होतं बाई, होतं. उन्हाने असेल."

विम्याचा माणूस रुमालावर रुमाल धरून त्यांच्याकडे बघत राहिला. ते माझ्या बाहीला चिकटून उभे होते आणि एखाद्या बागेत उभे असावेत तसा त्यांचा चेहरा होता.

"पुरे," विम्याचा माणूस म्हणाला. "मंजूर आहे. मला घरी जाऊ द्या."

नाकसाहेबांची भरपाई सुरू झाली, आणि त्यांना वेष्टनांच्या विभागात कायमचं बसून करायचं कामही मिळालं. कुंड्यांशी वाकताना माझा पाय मुरगळला होता. तो लंगडत मी साहेबांकडे नेला, की कामाच्या जागी, कामाच्या वेळेत इजा झाली आहे. साहेबांनी पाय पाहिला, मग मला पाहिलं, मग खिडकी उघडली. "मॅडम, इजा तुमची, कारणही तुम्हीच. याचा दर नाही आमच्याकडे." घरी सासूबाईंनी दाराबाहेर बादली ठेवली आणि आतून सांगितलं, की तो माणूस खरा आहे हे त्यांना पहिल्यापासूनच वाटत होतं.

वास बरेच दिवस गेला नाही. कपडे जाळले, केस कापले, आमच्याच कारखान्याच्या वड्या झिजवल्या. माझ्या नाकाला आता तो कळत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती जागा आपोआप मोकळी होते त्यावरून तो असावा. एकच माणूस रोज डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतो. आधी डबा हुंगतो, मग उघडतो. घरी बायकोला सांगायला आज काय फुललंय ते मला विचारतो, आणि मी येताना बघून ठेवलेलं असतं.

परवा मात्र बसता बसता त्यांनी खुर्ची वीतभर पलीकडे सरकवली.

"काय झालं, नाकसाहेब?"

"ऊन येतंय डोळ्यांवर."

मी खिडकीकडे पाहिलं. ऊन येत होतं.

तसं फार नव्हतं.